स्कोपचा झिरो सारखा हलतोय? टरेट फिरवायच्या आधी कागद वाचा

तुम्ही विचारलंय की स्प्रिंगवाली (स्प्रिंगर), बॅरल मोडून भरायची म्हणजे ब्रेक-बॅरल एअर रायफल आहे, स्कोप नवीन आहे, २० मीटरवर झिरो केला (नेम धरला तिथेच छर्रा लागेल असा स्कोप जुळवला) की सुरुवातीचे छर्रे बरोबर मध्यभागी जातात आणि मग नेम हळूहळू सरकतो, टरेटचे (स्कोपवरच्या नेम जुळवायच्या बटणांचे) क्लिक फिरवून जागेवर आणला तरी थोड्या वेळाने परत तेच, तर स्कोप गेलाय का, दुसरा घेऊ का. इतक्यात घेऊ नका. स्कोप खराब असूही शकतो, पण मी या तक्रारीच्या जेवढ्या रायफली हाताळल्यात त्यातल्या बहुतेकींचा दोष स्कोपच्या बाहेर निघाला, आणि तो दोष तसाच राहिला तर नवीन स्कोपही हेच करणार.

आजपासून एक काम करा, टरेटना हात लावणं बंद. दर वेळी क्लिक फिरवले की नक्की काय हललं याचा पुरावा आपणच पुसतो. कोरा कागद लावा, एकाच ठिकाणी नेम धरून दहा छर्रे मारा, आणि बाजूला तसाच दुसरा कागद ठेवून प्रत्येक छर्रा कुठे लागला ते त्यावर नंबर टाकून लिहित जा. पहिला कुठे, चौथा कुठे, दहावा कुठे, हा क्रम फार महत्त्वाचा आहे, कारण नुसती भोकं बघून काही कळत नाही. छर्रे एकाच दिशेला ओळीने चालत गेले असतील तर काहीतरी सरकतंय. दोन वेगवेगळे घट्ट ग्रुप (भोकांचे झुपके) पडत असतील, म्हणजे काही इथे काही तिथे आणि मधे काहीच नाही, तर काहीतरी दोन जागांमध्ये उड्या मारतंय, बॅरलचा जोड नाहीतर स्कोपच्या आतली नळी. सगळीकडे विखुरले असतील तर छर्रे, पकड आणि ढिले स्क्रू बघायचे. आणि नुसते वर-खाली उभ्या रेषेत पडले तर वेग कमी-जास्त होतोय किंवा दर वेळी पकड बदलतेय.

तुमच्या वर्णनावरून पहिला प्रकार वाटतोय, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर सांगतो. स्प्रिंगरचा झटका दुहेरी असतो. ट्रिगर दाबला की जड पिस्टन पुढे सुटतो आणि रायफल मागे येते, मग पिस्टन पुढे दाबलेल्या हवेवर आपटून थांबतो तशी रायफल एकदम पुढे खेचली जाते. त्या पुढच्या हिसक्यात स्कोप आपल्या वजनाने जागेवरच राहू बघतो, म्हणजे रेलच्या (रायफलवरच्या स्कोप बसवायच्या पट्टीच्या) हिशोबाने तो मागे सरकतो, दर वेळी केसभर. आणि सरकताना माउंट (स्कोपला रिंगांनी रेलवर धरणारा भाग) अगदी सरळ राहत नाही, किंचित तिरकं होतं. आता हिशोब बघा, दोन रिंगांमध्ये १०० मिमी अंतर असेल आणि मागची रिंग फक्त ०.१ मिमी उचलली गेली तर २० मीटरवर नेम २० मिमी हलतो, म्हणजे ०.१७७ इंची छर्‍याची चार भोकं शेजारी शेजारी बसतील एवढा. डोळ्याला माउंट जागच्या जागीच दिसतं, कागदावर मात्र सगळं बदललेलं असतं.

हे तपासायला नेलपॉलिश लागते, बाकी काही नाही. मागच्या माउंटच्या अगदी मागे रेलवर एक बारीक रेघ ओढा, माउंटला चिकटून, आणि दुसरी रेघ रिंगच्या कडेला स्कोपच्या नळीवर. वाळू द्या. मग वीस-तीस छर्रे मारून उजेडात तिरकं धरून बघा. रेघ फुटली असेल, तिच्यावर माउंट चढलं असेल किंवा नळीवरच्या रेघेत आणि रिंगमध्ये फट पडली असेल तर चोर सापडला. मग माउंट काढा, रेल आणि रिंगची आतली बाजू दोन्ही स्पिरिटने पुसून एकदम कोरडी करा (कारखान्यातलं तेल इथे हमखास असतं आणि लोक तसंच वर माउंट कसतात), आणि स्टॉप पिन असलेलं माउंट वापरा. बर्‍याच रायफलींच्या रेलवर मागच्या बाजूला एक छोटं भोक असतं, पिन त्यातच बसायला हवी, नुसती रेलवर टेकून उपयोग नाही. भोक नसेल तर मागे अडवणारा वेगळा स्टॉप ब्लॉक मिळतो तो लावा. रिंगचे स्क्रू आडवे-तिडवे थोडे थोडे करत कसायचे, साधारण १५ ते २० इंच-पाउंड, टॉर्कवाला ड्रायव्हर नसेल तर ॲलन कीची छोटी बाजू नुसत्या बोटांनी. जोर काढून पिळलं तर नळी चेपते आणि आतला भाग अडकतो, मग क्लिक फिरवले तरी नेम हलत नाही आणि पुढच्या झटक्याला अचानक हलतो, म्हणजे नवीनच भानगड.

रेघ जशीच्या तशी असेल तर स्टॉकचे (लाकडी दस्त्याचे) स्क्रू बघा. पुढच्या बाजूचे दोन आणि ट्रिगरजवळचा, हे स्प्रिंगरमध्ये स्वतःहून ढिले होतात आणि मग दर शॉटला रायफल लाकडात वेगळ्या जागी बसते. कसताना निळा थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा डिंक) एक थेंब लावा, लाल नको, तो तापवल्याशिवाय सहसा निघत नाही. त्याच वेळी बॅरल बंद असताना तोंडाजवळ धरून डावीकडे-उजवीकडे हलवून बघा, जराही खटखट जाणवायला नको, जाणवली तर जोडाचा बोल्ट कसायचा. हे सगळं रायफल रिकामी आणि कॉक न केलेली (स्प्रिंग न दाबलेली) असतानाच करायचं. कॉक केलेली असेल आणि बॅरल उघडी असेल तर बॅरल हातातून सोडायचीच नाही, ट्रिगर सुटला तर ती इतक्या जोरात मिटते की बोट जाऊ शकतं.

आता एक कारण जे बरेच लोक धरतच नाहीत. ब्रेक-बॅरल रायफलींची बॅरल बर्‍याचदा रेलच्या मानाने किंचित खाली झुकलेली असते, त्यामुळे झिरो करताना उंचीचा टरेट वर वर वर फिरवावा लागतो. तुमचा टरेट जवळजवळ शेवटाला गेलाय का बघा. स्कोपच्या आत एक नळी असते, तिला एका बाजूने टरेटचा स्क्रू दाबतो आणि समोरून स्प्रिंग ढकलते, टरेट शेवटाला गेला की ती स्प्रिंग जवळजवळ मोकळी पडते आणि नळी झटक्यासरशी डगमगते. स्कोप उत्तम असला तरी हे होणार. हळू हाताने एका टोकापासून दुसर्‍या टोकापर्यंत क्लिक मोजा, निम्मे मागे या आणि तिथून छर्रे किती खाली जातात ते बघा. फरक मोठा असेल तर झुकाव भरून काढणारं माउंट घ्या, थोडाच असेल तर मागच्या रिंगखाली पातळ प्लास्टिकची पट्टी चालते. वर दिलेला हिशोब इथेही तोच, ०.१ मिमी म्हणजे २० मीटरवर २० मिमी वर. पट्टीवर पट्टी मात्र चढवू नका, नळी वाकते.

पकडीबद्दल एवढंच, स्प्रिंगरमध्ये छर्रा बॅरलबाहेर पडायच्या आधीच रायफल हललेली असते, त्यामुळे ती घट्ट आवळून किंवा कडक वस्तूवर टेकवून मारलीत की नेम बदलणार. उघड्या तळहातावर ठेवा, दर वेळी त्याच जागी, आणि तिला हवी तशी हलू द्या.

पॅरलॅक्सही बघून घ्या. बंदुकीसाठी बनवलेले कितीतरी स्कोप १०० यार्डांवर सेट असतात, २० मीटरवर डोकं जरा इकडचं तिकडे झालं की क्रॉसहेअर टार्गेटवरून सरकतो. रायफल उशीवर पक्की ठेवून, हात न लावता नुसतं डोकं हलवून बघा, लगेच कळेल. आणि छर्‍यांचा डबा मधेच बदलला असेल, किंवा नुकतीच बॅरल साफ केली असेल, तर काही छर्रे मारून तिला स्थिर होऊ द्या आणि मगच निकाल धरा.

एवढं सगळं करूनही दोन ग्रुप पडतच राहिले तर खात्रीचा दुसरा स्कोप त्याच माउंटमध्ये लावून त्याच डब्यातले छर्रे मारा, किंवा रायफलला साधी साइट असेल तर स्कोप काढून तिने मारा. ग्रुप एकदम सुधारला तर तुमचा स्कोप आतून गेलाय, तो परत करा. बदली मागताना रायफल स्प्रिंगर आहे हे स्पष्ट सांगा आणि उलट्या झटक्याला टिकेल असं कंपनीनेच लिहिलेला स्कोप घ्या, कारण मोठ्या बंदुकीवर वर्षानुवर्षं टिकणारे महागडे स्कोपसुद्धा त्या पुढच्या हिसक्याने मोडतात, ते एकाच दिशेचा धक्का सोसायला बनवलेले असतात. तोपर्यंत नंबर टाकलेल्या कागदाचा फोटो इथे टाका, उभा-आडवा कसा धरला होता ते लिहून, बघून सांगतो.