टीएसएच 6.8 आला, डोस वाढवू का?

प्रश्न : वय 46. थायरॉइडची 50 मायक्रोग्रॅमची गोळी घेते. दोन महिन्यांपासून हाडांसाठी कॅल्शियमही सुरू आहे, दोन्ही सकाळी एकदमच घेते. मार्चमध्ये टीएसएच (थायरॉइड कमी पडलं की वाढणारा रक्ततपासणीतला आकडा) 3.1 होता, आता मोबाइलवर आलेल्या रिपोर्टमध्ये 6.8. नेटवर सगळीकडे ‘डोस वाढवतात’ असं दिसतं. घरात 25 ची जुनी पट्टी आहे. मिळून 75 घेऊ का?

उत्तर : नको. तुम्ही आकडा शोधलात, गोळी शोधली नाहीत. पट्टीवरचं मूळ औषधाचं नाव, लेव्होथायरॉक्सिन, घालून ते कशाबरोबर घेऊ नये हे पाहा. अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाची मेडलाइनप्लस ही साइट त्यासाठी चांगली. तिथे विकायला काही नसतं. तिथे दिसेल की कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या हे औषध आतड्यात अडवतात, म्हणून दोन्हींत चार तासांचं अंतर हवं. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. चहा-नाश्ता अर्धा ते एक तासाने. तुमचा डोस कदाचित पुरेसा आहे, तो रक्तात पोचतच नसेल. अशात 75 सुरू केलंत आणि पुढे कॅल्शियम थांबलं, तर डोस जास्त होऊन धडधड होऊ शकते. जास्त डोस लांबला तर हाडंही झिजतात, म्हणजे कॅल्शियम घेऊन मिळवलेलं गेलं.

केसांसाठी बायोटिन घेत असाल तर तेही सांगा. काही लॅबच्या पद्धतींत त्यामुळे टीएसएच खोटा कमी दिसतो, म्हणून तपासणीआधी निदान दोन दिवस ते बंद ठेवतात.

वहीत तारीख, टीएसएच, डोस, कंपनी आणि लॅब लिहून ठेवा. लॅब बदलली की नॉर्मलची मर्यादाही थोडी बदलते. डॉक्टरांना लांबलचक लिंक पाठवू नका, वाचायला वेळ नसतो. एवढंच पाठवा : ‘टीएसएच मार्चमध्ये 3.1, आता 6.8. डोस 50. दोन महिने कॅल्शियम सोबतच घेत होते. ते रात्री घेऊन सहा आठवड्यांनी पुन्हा तपासू, की डोस बदलायचा?’ सहा आठवडे अशासाठी, की टीएसएच त्याआधी स्थिरावत नाही. गर्भारपण असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आभा आणि आयुष्मान कार्ड एकच का?

उत्तर : नाही. आभा हा रिपोर्ट एकत्र ठेवण्यासाठीचा 14 आकडी क्रमांक. त्यावर उपचाराचे पैसे मिळत नाहीत. पात्र कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंतचे उपचार आयुष्मान कार्डावर. जुने कागद आभात आपोआप येत नाहीत, फोटो काढून स्वतः चढवावे लागतात. रुग्णालयाने संमती मागितली की कोणते रिपोर्ट, किती दिवसांसाठी, हे वाचूनच होकार द्या.