भर दुपारी शुक्र

नवी दुर्बीण आणि दिवसाढवळ्या ग्रह शोधायची हौस, छानच. पण आधी सूर्याचं बोलू. फाइंडरला, म्हणजे नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला, टोपी घालायला मी एकदा विसरलो, शर्टाच्या बाहीला भोक पडलं. तिथे डोळा असता तर? म्हणून दुर्बीण घराच्या सावलीतच मांड, सूर्य छपराआड हवा. शुक्र संध्याकाळचा असेल तर दुपारनंतर पूर्वेकडच्या अंगणात. तिथली सावली वाढतच जाते.

सुरुवात शुक्रापासूनच कर. तो सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश लांब जातो आणि तेज भरपूर. आदल्या रात्री ताऱ्यावर फोकस लावून नळीवर पेन्सिलीने खूण कर. फोकस जरा हलला की निळ्या आभाळात शुक्र विरघळतो, समोर असूनही दिसत नाही. आयपीस, म्हणजे डोळा लावायचं भिंग, २५ मिमीचा लाव. चंद्रकोर जवळ असेल तो दिवस तर सोडूच नकोस, चंद्रावरून शुक्राकडे सरकणं सोपं. रात्रीची चकाकी दिवसा नसते, त्यामुळे त्याच्या कला रेखीव दिसतात.

गुरू फिकट, तो सूर्यास्ताच्या सुमारास बघ. बुध सध्या राहू दे.

आपल्या गोव्यात मे महिन्यातलं आभाळ दमट, पांढुरकं. पाऊस सरल्यावर ते धुतल्यासारखं निळं होतं, तेव्हा माडाची चुडतं टाळून जागा निवड. आणि दमट दुर्बीण तशीच पेटीत बंद करू नकोस, भिंगावर बुरशी धरते.