रात्रीत वाळेल तेवढंच न्या

वाचक विचारतात, डिस्पॅचवाले काका सांगतात

प्रश्न : काका, दिवाळीच्या सुट्टीत आम्ही सहाजण अंदमानला चाललोय. मी, आमचे हे, मुलगी (१३), मुलगा (८), सासूबाई आणि नणंद. हैदराबादपर्यंत गाडीनं, तिथून विमान. पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील मिळून सहा रात्री. टूरवाल्यांनी यादी पाठवलीय. त्यात प्रत्येकाचे रोजचे दोन जोड, दोन-दोन टॉवेल, फोटोसाठी वेगळे कपडे आणि काय काय आहे. निम्मं सामान पलंगावर मांडलं तर पलंग दिसेना. सासूबाई सुती इरकलच नेसतात आणि त्यांचं म्हणणं, समुद्राचा वारा बाधतो, चादर पाहिजेच. नेमकं काय न्यावं?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि चादर परत कपाटात ठेवा. सोलापुरी चादर ओलांडून दुसरी घ्या असं मी जन्मात कुणाला सांगणार नाही, पण ती अंदमानात नेऊ नका. तिथं नोव्हेंबरातही रात्री पारा २३-२४ च्या खाली सहसा जात नाही. हॉटेलच्या एसीसाठी आणि बोटीतल्या वाऱ्यासाठी एक पातळ शाल पुरते. चादर किलोच्या वर भरते आणि एकदा दमट झाली की घरी येईपर्यंत तशीच राहते.

आता टॉवेल. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच सांभाळण्यात माझी नोकरी गेली, त्यामुळं इथं जरा लांबेन, चालवून घ्या. ७५ बाय १५० सेंटिमीटरचा, ४५० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ४५० ग्रॅम) टेरी टॉवेल कोरडा असताना अर्ध्या किलोचा असतो. सहा माणसांचे दोन-दोन धरले तर सहा किलो नुसते टॉवेल! विमानात माणशी १५ किलो चेक-इन आणि ७ किलो हातात, एवढंच बहुतेक देशांतर्गत तिकिटांवर मिळतं. त्यातले सहा किलो, जी वस्तू हॉटेल फुकट देतं तिला द्यायचे? आणि तोच टॉवेल समुद्रावरून भिजून आला की पिळूनसुद्धा दुप्पट-तिप्पट जड. चादर आणि टॉवेल दोन्हीला जीआय, म्हणजे गावाच्या नावाची सरकारी ओळख, मिळालेलं गाव आपलं, पण प्रवासाला आपला पंचाच बरा. माणशी दोन पंचे घ्या. अंग पुसायला होतो, डोक्याला गुंडाळायला होतो, वाळूत अंथरायला होतो आणि पंख्याखाली रात्रीत वाळतो.

त्या यादीची खरी चूक वेगळीच आहे. ती करणाऱ्यानं उन्हाचा विचार केला, ओलीचा केलाच नाही. आपण सोलापूरकर तर या बाबतीत फार फसतो. आपल्याकडं एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर येते. गच्चीवर जीन्स टाकली की चहा होईपर्यंत वाळते. त्यामुळं कापड वाळणं ही काळजी करायची गोष्ट आहे हेच आपल्या डोक्यात येत नाही. अंदमानात आर्द्रता बहुतेक वेळ ७०-८० टक्के किंवा त्याच्याही वर. त्यात तुम्ही नोव्हेंबरात जाताय. आपला पाऊस तोवर संपलेला असतो, तिथं मात्र ईशान्य मोसमी पाऊस चालू असतो. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा मुलूख आहे तो, आपल्या चौपट म्हणा. सुती कापड हवेतूनच ओल ओढतं. आमच्या धंद्यात सुताचं वजन धरताना ८.५ टक्के ओल मान्यच असते. पॉलिएस्टरला हा आकडा अर्ध्या टक्क्याच्या आत. समुद्राच्या पाण्याचं मीठ कापडात राहिलं तर ते आणखी ओल धरतं, म्हणून खाऱ्या पाण्यातून आलेला कपडा साध्या पाण्यातून काढल्याशिवाय वाळत घालू नका.

तेव्हा आज रात्री एक काम करा. न्यायचे म्हणून काढलेले कपडे एकेक भिजवा, हातानं पिळा आणि बाथरूममध्ये दार-खिडकी लावून टांगा. गच्चीवर नाही हं, गच्ची खोटं सांगते. सकाळी जे दमट लागेल ते घरीच राहील. जीन्स पहिल्या फटक्यात बाद होईल. तिचा कमरपट्टा आणि खिसे दुसऱ्या दिवशीही ओले असतात. मुलांचे जाड बनियन-टीशर्ट, हुडी, तेही बाद. पास होईल ते पॉलिएस्टरचे खेळाचे टीशर्ट, पातळ मलमल किंवा व्हॉइलचे कुर्ते, नायलॉनच्या हाफ पँटी.

यातून पास झालेले माणशी तीन जोड बास झाले. एक अंगात, एक वाळतोय, एक तयार. शिवाय एक पूर्ण जोड, आतल्या कपड्यांसकट, झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत हवा काढून बंद ठेवायचा. तो मोडायचा नाही. बोटीत लाट अंगावर आली, पावसानं बॅग भिजली, तर तो जोड कामाला येतो. फोटोसाठी वेगळे कपडे म्हणजे काय ते मला कळलेलं नाही. मुलीला विचारा, तिला कळलं असेल. तिचा एक ड्रेस घ्या आणि विषय मिटवा.

रोज संध्याकाळी खोलीवर आलं की कपडे धुवायचे, पिळायचे आणि मग कोरडा पंचा पसरून त्यावर कपडा ठेवायचा, दोन्हीची मिळून वळकटी करायची आणि दोघांनी दोन टोकं धरून पीळ द्यायचा. पंचा इतकं पाणी ओढून घेतो की वाळायचा वेळ निम्म्यावर येतो. बाल्कनीत टांगू नका, रात्रीची हवा उलट ओल देते. खोलीत पंख्याखाली किंवा एसीसमोर टांगा. त्यासाठी पाच-सहा मीटर नायलॉनची दोरी आणि डझनभर चिमटे बॅगेत टाका.

सासूबाईंचं काय? इरकल त्यांनी आयुष्यभर नेसलीय, ती सोडा म्हणायचा अधिकार तुम्हालाही नाही आणि मलाही नाही. एक इरकल न्याच, सेल्युलर जेल बघायला जाताना नेसू द्या. बाकी दिवसांसाठी जॉर्जेटच्या दोन साड्या सुचवून बघा. साडीपेक्षा परकराकडं लक्ष द्या. साडी पातळ असते, वाळते. सुती परकराचा नेफा आणि नाडी मात्र वाळता वाळत नाही आणि दमट नाडी कमरेला काचून पुरळ येतं. सॅटिनचा, इलॅस्टिकचा परकर शिवून घ्या. धक्क्यावरून बोटीत पाय टाकताना निऱ्या जरा वर खोचून घ्यायला सांगा आणि नणंदबाईंनी त्यांचा हात धरायचा. दुसऱ्या हातात पिशवी नको.

चपला : पायाला मागून पट्टा असलेले रबरी सँडल, सगळ्यांना. प्रवाळाच्या दगडांवर अनवाणी पाय कापतो आणि खाऱ्या पाण्यात जखम लवकर भरत नाही. साधी स्लिपर लाट घेऊन जाते. चामड्याच्या कोल्हापुरीला तिथं बुरशी येईल.

ऊन. इथं आपण म्हणतो, आम्ही ४३ अंशांत राहणारी माणसं, आम्हाला काय होतंय! बोटीत वारा लागतो म्हणून चटका कळत नाही, आणि पाण्यावरून परतणारं ऊन हनुवटीखालीसुद्धा भाजतं. समुद्रात तोंड खाली घालून मासे बघत तरंगलं की पाठ, मान आणि पोटऱ्या भाजून निघतात. मुलांना पूर्ण बाह्यांचे, अंगाला चिकटणारे पोहायचे टीशर्ट घ्या. उघड्या राहिलेल्या अंगाला एसपीएफ ३० च्या वरचं, पाण्यात टिकणारं सनस्क्रीन. पाण्यात जायच्या वीसेक मिनिटं आधी लावा आणि दर दोन तासांनी पुन्हा. टोपीला हनुवटीखालची दोरी हवी.

सूर्य तिथं लवकर मावळतो हेही सामान भरताना ध्यानात ठेवा. घड्याळ आपलंच, पण बेटं पूर्वेला सतरा रेखांश पुढं, म्हणजे तासाभराहून जास्त फरक. नोव्हेंबरात संध्याकाळी पाचच्या आतच सूर्य बुडतो. एक छोटी बॅटरी घ्या. किनाऱ्यावर अंधार पडायला लागला की वाळूतल्या बारीक माश्या चावतात, त्यांची खाज दिवसचे दिवस जात नाही. म्हणून सगळ्यांची एकेक पातळ पूर्ण पायजमा-पँट आणि ओडोमॉस.

बॅगा मऊ घ्या, मोठ्या चार चाकी ट्रॉल्या नकोत. धक्का, फळी, बोट, वाळू या वाटेवर चाकं काही कामाची नाहीत. जी बॅग ज्याला एका हातानं उचलत नाही ती त्याची बॅग नाही, मुलालाही हाच नियम लावा. प्रत्येक बॅगेत दुसऱ्या कुणाचा तरी एक जोड टाका, म्हणजे एखादी बॅग मागं राहिली तरी कुणी उघडं पडत नाही. आतून मोठी प्लॅस्टिकची पिशवी लावा आणि मग भरा. आम्ही पेट्या भरताना आधी हेच करायचो. नावाच्या चिठ्ठीवर ठिकाणांची दोन्ही नावं लिहा : पोर्ट ब्लेअरला २०२४ पासून श्री विजयपुरम म्हणतात, हॅवलॉक आणि नील २०१८ पासून स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप झालेत. तिकिटावर कुठलंही असू शकतं.

खाण्याचं मला विचारलं नाहीत, पण माहीत आहे की नेणार. शेंगा चटणी चेक-इनच्या बॅगेत टाका, तिखट हातातल्या सामानात अडवतात. कडक भाकरी मात्र हातात घ्या, खाली गेली तर चुराच मिळेल. सुकं खोबरं कुठंच नको. ते तेलामुळं पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही, प्रसादाच्या पुडीतलंसुद्धा काढा. पॉवर बँक उलट, फक्त हातातल्या बॅगेत.

बोट लागण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून आणा. बोटीत चढायच्या आधी घ्यायच्या असतात, पोट ढवळायला लागल्यावर नाही. समुद्र खवळला की बोटी रद्द होतात, तेव्हा नेहमीची औषधं दोन-तीन दिवसांची जास्त ठेवा आणि थोडी रोख रक्कमही. मुलाला आधीच बजावा, शंख-प्रवाळ उचलून खिशात घालायचे नाहीत. प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे आणि परतताना विमानतळावर सामान तपासतात.

प्रश्न : काका, डिसेंबरात लग्न आहे, नंतर आम्ही दोघं मालदीवला जाणार. अंदमानसारखंच सामान न्यायचं का? आई सोबत देव द्यायचा म्हणतेय.
— एक वाचक, अशोक चौक

उत्तर : अभिनंदन! कपड्यांचा हिशोब तोच. फरक कायद्यात आहे. मालदीवमध्ये पूजेच्या मूर्ती आणायला मनाई आहे, त्यामुळं देव घरीच राहू देत. आईला सांग, परत आल्यावर जोडीनं सिद्धेश्वराला जाऊ. दारू आणि डुकराच्या मांसाचे पदार्थही चालत नाहीत, विमानतळावरच्या दुकानातली बाटलीसुद्धा काढून घेतात. ई-सिगारेटही २०२४ च्या नोव्हेंबरपासून बंद आहे. रिसॉर्टवर पोहायचे कपडे कसेही चालतात, पण लोकवस्तीच्या बेटावर खांदे-गुडघे झाकलेले हवेत. तिथले प्लग बहुधा तीन चपट्या पिनांचे असतात, ॲडॉप्टर घ्या. आणि प्रवासाआधीच्या ९६ तासांत ‘इमूगा’चा, म्हणजे मालदीवच्या इमिग्रेशनचा, ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो, तो फुकट आहे, त्याचे कुणी पैसे मागितले तर देऊ नका.

प्रश्न : नवीन कॅमेरा समुद्रावर न्यावा का? बाबा नको म्हणतात.
— इयत्ता दहावी, विजापूर रोड

उत्तर : बाबांचं अगदीच चूक नाही, पण ने. बुटांच्या खोक्यात सिलिका जेलच्या पुड्या येतात त्या जमवून कॅमेऱ्याच्या पिशवीत टाक. एसी खोलीतून एकदम बाहेर काढलास तर काचेवर धुकं धरेल. पिशवी बंदच ठेवून अर्धा तास बाहेर राहू दे, मग उघड. वाळूत बसून लेन्स बदलायची नाही. मोबाईलची पाण्याची थैली आधी टिश्यू पेपर घालून बादलीत बुडवून बघ. कागद कोरडा निघाला तरच मोबाईल.

प्रश्न : मला इन्सुलिन चालू आहे. मुलगा बेटांवर नेतोय. कसं सांभाळू?
— एक ज्येष्ठ वाचक, सात रस्ता

उत्तर : हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चेक-इनमध्ये नको, विमानाच्या पोटात गोठू शकतं आणि एकदा गोठलेलं इन्सुलिन पुन्हा वापरायचं नाही. चालू असलेलं पेन सावलीत, थंड पिशवीत ठेवा, पण बर्फाला थेट लागू देऊ नका. किनाऱ्यावर उभ्या गाडीत तर अजिबात नको. न उघडलेली हॉटेलच्या फ्रिजमध्ये ठेवा, मात्र मागच्या भिंतीला टेकवून नाही, तिथं बर्फ धरतो. दाराच्या कप्प्यात ठेवा आणि निघायच्या आदल्या रात्री मुलाला आठवण करायला सांगा.