चीनमधले हाक्का (दक्षिण चीनमधला एक चिनी समाज) ख्रिश्चन मलेशियाच्या साबाहमध्ये कसे पोचले? मिशनरींनी नेलं का?

थोडक्यात हो, पण जबरदस्तीने वगैरे नाही. रुडॉल्फ लेख्लर हा बासेल मिशन या स्विस प्रोटेस्टंट मिशनचा माणूस (तेच मिशन, ज्यांनी आपल्या शेजारी मंगळूरला कौलांचे कारखाने काढले) 1847 ला हाँगकाँगला उतरला, सोबत थिओडोर हॅम्बर्ग, तो 1854 लाच वारला. पुढे लेख्लर पन्नासेक वर्षं दक्षिण चीनच्या ग्वांगदोंग प्रांतातल्या हाक्का लोकांत राहिला, भाषा शिकला, शाळा काढल्या.

आता हाक्का लोकांचे हाल बघा. आधीच ते उत्तरेकडून आलेले म्हणून उपरे, जमीन कमी, आणि स्थानिक पुंती लोकांशी रक्तपात होईपर्यंत भांडणं. त्यात चिनी बादशाहीविरुद्धच्या तायपिंग बंडाचा नेता होंग शिउच्वान हाक्काच आणि स्वतःला येशूचा धाकटा भाऊ म्हणवणारा, त्यामुळे 1864 मध्ये बंड मोडल्यावर जो हाक्का आणि वर ख्रिश्चन त्याच्याकडे संशयानेच बघणार ना सगळे!

तिकडे ब्रिटिश नॉर्थ बोर्निओ कंपनीला (आजच्या साबाहवर तेव्हा हिचाच कारभार) जंगल साफ करून शेती करणारी माणसं हवी होती, मग त्यांनी बासेल मिशनला गाठलं आणि लेख्लरने मध्यस्थी केली. 1883 मध्ये हाक्का ख्रिश्चन कुटुंबं साबाहमधल्या कुदातला उतरली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की एकटे मजूर नाही तर बायकापोरांसकट अख्खी कुटुंबं गेली, म्हणून तर भाषा आणि चर्च दोन्ही टिकलं. साबाहमधलं बासेल चर्च त्यांनीच उभं केलंय, आजही चालू आहे.