दवाखान्यात १६५, घरी १३०: गोळीवर भांडण्याआधी पट्ट्याकडे बघा

तुमचं लिहिणं वाचलं आणि माझीच जुनी फाइल कुणीतरी उघडल्यासारखं वाटलं. दवाखान्यात बीपीचा वरचा आकडा १६५च्या आसपास, घरी १३०, डॉक्टरांनी डोस वाढवला, आता उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि प्रश्न असा की गोळ्या बंद करू का. आधी हेच सांगतो: स्वतःच्या मनाने बंद करू नका. काही गोळ्या एकदम थांबवल्या तर बीपी उसळी मारून वर जातं. मी डॉक्टर नाही, बरीच वर्षं या आजाराबरोबर राहणारा पेशंट आहे, तेव्हा पुढचं सगळं त्याच हिशेबाने घ्या.

मीठ कमी, वजन कमी, चालणं वगैरे तुम्हाला माहीत असणार. ते सोडून देतो.

माझं सगळ्यात जास्त नुकसान आजाराने केलं नाही, एका दवाखान्याच्या बाहेरच्या टेबलाने केलं. नाव घेत नाही. डॉक्टर आत, आणि बीपी बाहेर टेबलाशी मोजायचं. जिना चढून आलं की लगेच बसवायचे, शर्टाच्या बाहीवरूनच पट्टा बांधायचे. माझा दंड ४१ सेंटिमीटर. पट्टा पुरा पडायचा नाही, चिकटपट्टीचं जेमतेम टोक धरायचं, हवा भरली की चर्र करून सुटायला लागायचं. मग मदतनीस बाई ते तळव्याने दाबून धरायच्या आणि त्याच वेळी विचारायच्या, ‘झोप लागते का? पोट साफ होतं का?’ मी उत्तर देत असतानाच आकडा कागदावर. आत डॉक्टरांना दिसायचा फक्त तो आकडा. तो कसा आला हे विचारायची पद्धतच नव्हती.

पट्टा लहान असला की आकडा वर जातो. किती, हे २०२३ साली जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी मोजून दाखवलं: ज्यांना सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीच्या मापाचा बांधला तर वरचा आकडा सरासरी साडेएकोणीसने जास्त येतो. हात आधाराशिवाय लोंबता ठेवला, मधे बोललं, पाय एकावर एक टाकले, लघवी तुंबलेली असली, तर त्यात आणखी भर.

त्या फुगलेल्या आकड्यावर माझी ॲम्लोडिपिन ही बीपीची गोळी दुप्पट झाली. त्याने घोटे सुजले. हा त्या गोळीचा नेहमीचा दुष्परिणाम आहे, पण तिथे सुजेसाठी लघवीची गोळी जोडली. बीपीची आणखी एक गोळीही चालूच होती. घरची वही नेऊन दाखवली तर ‘घरची मशिनं म्हणजे खेळणी’ म्हणून बाजूला सरकवली. पुढे एका रात्री बाथरूमला जायला उठलो आणि पडलो, मनगट मोडलं. दुसऱ्या रुग्णालयात रक्त तपासलं तर सोडियम १२४. (१३५च्या खाली कमी धरतात, आणि लघवीच्या गोळीने ते उतरू शकतं.) तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पहिलं काम काय केलं असेल, तर टेप घेऊन दंड मोजला. मग दिवसरात्र अंगावर राहून बीपी मोजणारं चोवीस तासांचं मशीन लावलं. सरासरी निघाली ११४/६८. म्हणजे मी गरजेपेक्षा कितीतरी जास्त औषधावर होतो. जुन्या दवाखान्यात लेखी तक्रार दिली, उत्तर आलं: ‘नियमित कार्यपद्धतीनुसार मोजणी झालेली आहे.’ असो. मनगट अजून थंडीत दुखतं.

पण यावरून ‘बीपी नाहीच, सगळा घोळ पट्ट्याचा’ असं समजू नका. मला बीपी आहे, एक गोळी आजही चालू आहे आणि चालूच राहील. हा आजार दुखत नाही हीच त्याची खोड. डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही, हा तुमच्या लिहिण्यातला तर्क मला मुळीच पटला नाही. जास्त दाबाविरुद्ध ढकलून ढकलून हृदयाची भिंत जाड होते, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात, आणि मूत्रपिंड बिघडलं की तेच पुन्हा बीपी चढवतं. मेंदूचं तर विचारूच नका. अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांचं बीपी वर्षानुवर्षं चढत होतं, त्यांचे खासगी डॉक्टर जगाला ‘प्रकृती उत्तम’ सांगत होते. १२ एप्रिल १९४५ला मेंदूत रक्तस्राव झाला तेव्हा आकडा ३००/१९० नोंदला गेला. त्या काळी धड औषधंही नव्हती. आपल्याकडे आहेत, म्हणून तरी नीट मोजून घ्यावीत एवढंच माझं म्हणणं.

तर माझ्या मते तुम्ही असं करा. उघड्या दंडाचा मधला घेर टेपने मोजा आणि घरच्या पट्ट्यावर छापलेलं माप बघा. बऱ्याच मशिनांबरोबर २२ ते ३२ सेंटिमीटरचा येतो. दंड त्याहून जाड असेल तर मोठा पट्टा वेगळा घ्या. आठवडाभर सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, पाच मिनिटं गप्प बसून, पाठ टेकून, हात हृदयाच्या पातळीला टेबलावर ठेवून, मिनिटाच्या अंतराने दोन-दोन रीडिंग घ्या. पहिला दिवस सोडून बाकीची सरासरी काढा. घरी १३५/८५ म्हणजे दवाखान्यातल्या १४०/९०च्या बरोबरीचं धरतात, म्हणून तुमचे घरचे १३० ‘एकदम नॉर्मल’ नाहीत, काठावरचे आहेत, आणि तेही गोळी घेऊन. खालचा आकडा तुम्ही लिहिलाच नाहीत, तोही लागेल. शिवाय उठून उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २०ने किंवा जास्त पडत असेल तर अंधारीचं कारण तिथेच सापडण्याची शक्यता मोठी, आणि ती गोष्ट पुढच्या अपॉइंटमेंटपर्यंत न थांबवता फोन करून सांगण्यासारखी आहे.

मशीन दवाखान्यात घेऊन जा, त्यांच्या मशीनशी तिथेच ताडून बघा. पटत नसेल तर चोवीस तासांची तपासणी मागा, आर्जव नको, मागाच. रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन, आणि हृदयाची सोनोग्राफीही विचारा. १६५ खरोखर वर्षानुवर्षं असेल तर त्याची खूण कुठेतरी उमटलेली असू शकते. रिपोर्ट स्वच्छ आले म्हणून बीपी नाही असं मात्र सिद्ध होत नाही. उलटा प्रकारही असतो, दवाखान्यात छान आणि घरी चढलेलं. तो जास्त घातक, कारण तिथे कुणी शोधायलाच जात नाही.

विषयांतर: गुडघेदुखीसाठी डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन चालू असेल, चोंदलेल्या नाकाची गोळी घेत असाल, तर डॉक्टरांना सांगा, दोन्हींनी बीपी चढू शकतं. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्यांतही भरपूर सोडियम असतं, याकडे कुणाचंच लक्ष नसतं. आणि घरचे म्हणत असतील की तुम्ही जोरात घोरता, झोपेत श्वास अडकतो, तर तेही.

आकडा १८०/१२०च्या वर आणि जोडीला छातीत दुखणं, दम लागणं, बोलणं अडखळणं, एक बाजू लुळी पडणं किंवा नजर अंधुक होणं यातलं काही असेल तर वही-टेप सगळं सोडून थेट इमर्जन्सी.

औषधांची नावं आणि डोस लिहिलेत तर कोणत्या गोळीने मला काय झालं ते सांगू शकेन. बदल मात्र तुमच्या डॉक्टरांनीच करायचा. आणि अंधारी येते हे त्यांना सांगितलंय का? तुमच्या लिहिण्यात ते कुठे दिसलं नाही.