1971 मध्ये लढलेला नौदलाचा वैमानिक पुढे तीस-पस्तीस वर्षं करतो तरी काय?

तुम्ही विचारलंय की 1971 चं युद्ध दोन आठवड्यांत आटोपलं, मग तेव्हाचा एक तरुण वैमानिक 2006 पर्यंत गणवेशात कसा? मी नौदलातला नाही, पण या विषयावर हाती लागेल ते वाचत आलोय.

तुमचा रोख बहुधा ॲडमिरल अरुण प्रकाश यांच्याकडे आहे. 1966 मध्ये ते नौदलात अधिकारी झाले. 1971 मध्ये मात्र ते 'विक्रांत' या विमानवाहू युद्धनौकेवर नव्हतेच. वायुसेनेकडे प्रतिनियुक्तीवर जाऊन पश्चिम आघाडीवर हंटर ही लढाऊ विमानं उडवत होते. वीरचक्र मिळालं ते तिथल्या कामगिरीसाठी. (पाकिस्तानातल्या चाकलाला तळावरच्या हल्ल्यात प्रसिद्ध अमेरिकी वैमानिक चक येगर यांचं छोटं विमान जळालं, ते नेमकं कुणाच्या माऱ्यात यावर लोक अजून भांडतात. मी त्यात पडत नाही.)

पुढची वर्षं कशी गेली याचं उत्तर एवढंच, की आपल्या नौदलात वैमानिक हा आधी दर्यावर्दी अधिकारी असतो. त्याला जहाजावर वॉच, म्हणजे पाळीची ड्यूटी, करावी लागते आणि पुढे जहाजाचं कप्तानपदही सांभाळावं लागतं. नुसतं उडत राहिलं तर बढती अडते. प्रकाश यांनी 1983 मध्ये नव्या सी हॅरियर लढाऊ विमानांच्या 300 स्क्वाड्रनचं (विमानतुकडीचं) नेतृत्व केलं, पण त्याशिवाय क्षेपणास्त्र नौका, 'गंगा' ही फ्रिगेट (मध्यम आकाराची युद्धनौका) आणि शेवटी 'विराट' ही विमानवाहू नौका अशी जहाजंही चालवली. 2004 ते 2006 ते नौदलप्रमुख होते.

त्यांच्याही आधीच्या पिढीतले ॲडमिरल ताहिलियानी. 18 मे 1961 रोजी 'विक्रांत'च्या डेकवर सी हॉक हे लढाऊ जेट उतरवणारे पहिले भारतीय. पुढे त्याच जहाजाचे कप्तान, 1984 ते 1987 नौदलप्रमुख, नंतर सिक्कीमचे राज्यपाल.

डेकवर उतरणं म्हणजे काय, ते लोकांना नीट माहीत नसतं. विमानाच्या शेपटीखालचा हुक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकावा लागतो. चाकं टेकली की वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट पूर्ण ताकदीने रेटतो. कारण हुक हुकलाच, तर डेक संपायच्या आत पुन्हा हवेत जायला वेग लागतो. त्यात 1971 मध्ये 'विक्रांत'च्या बॉयलरला तडा गेलेला, जहाज पुरेसं वेगाने पळेना. तशा अवस्थेतही तिच्यावरून सी हॉक आणि आलिझे विमानं उडाली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या कॉक्सबझार, चितगाववर बॉम्ब टाकून आली. तेव्हा सी हॉक उडवणाऱ्या याच 300 स्क्वाड्रनचे प्रमुख एस. के. गुप्ता यांच्या विमानाला विमानभेदी तोफांचा मार बसला होता, तरी त्यांनी ते परत आणलं. त्यांना महावीरचक्र मिळालं. हे कसब शांततेतही रोज घोटावं लागतं, म्हणून युद्ध पाहिलेल्या वैमानिकांचा मोठा वेळ नव्या पोरांना शिकवण्यात जातो. माझ्या मते त्यांच्या नोकरीतला सर्वांत महत्त्वाचा भाग तोच, आणि त्यावर कुणीही काही लिहीत नाही.

सगळेच काही ॲडमिरल होत नाहीत. बरेच जण कमांडर किंवा कॅप्टन हुद्द्यावर निवृत्त होतात आणि नागरी विमानसेवेत जातात. तुम्हाला एखाद्या ओळखीच्या वैमानिकाची कारकीर्द समजून घ्यायची असेल, तर आधी विचारा, त्यांनी कोणती जहाजं चालवली. विमानांबद्दल ते न विचारताच सांगतील.