विकसनशील देशांचा फंड थांबू द्या, आधी टर्म विमा घ्या

पत्राचा गोषवारा: वय ४२, घरात एकटे कमावते, दोन मुलं, गृहकर्ज ३८ लाख बाकी. ८ लाखांची एफडी मोडून विकसनशील देशांचे शेअर घेणाऱ्या फंडात टाकायची आहे, कारण ‘पुढची वीस वर्षं याच देशांची, १५ टक्के नक्की’. जाता जाता लिहिलंय: विमा आहे, कर्ज देणाऱ्या बँकेतूनच घेतलेला, हप्ता १ लाख, चार भरले, विमा रक्कम १० लाख, २० वर्षांनी ३२ लाख मिळणार.

जगाच्या अर्थव्यवस्थेत या देशांचा वाटा वाढतोय, खरंच. पण देश वाढला म्हणून शेअर वाढतोच असं नाही. ऑक्टोबर २००७ मध्ये शांघाय शेअर बाजाराचा निर्देशांक ६,१०० वर गेला, तेव्हा चीनची अर्थव्यवस्था साडेतीन लाख कोटी डॉलरची होती. २०२३ अखेर ती पाचपट झाली आणि निर्देशांक ३,००० च्या खाली. भाव आधीच फुगलेले, त्यात नवे शेअर येत राहिले. वाढ जुन्या भागधारकापर्यंत पोचलीच नाही. १५ टक्के डोक्यातून काढा.

आता न विचारलेलं. उद्या तुम्हाला काही झालं तर १० लाख येतील, ते कर्जात जातील, तरी २८ लाख फेडायचे उरतील. मुलांच्या फीला काय? ३८ लाखांचं कर्ज समोर दिसत असताना बँकेने तुम्हाला ही पॉलिसी विकली, याचा संताप येतो. परतावाही साडेचार टक्क्यांच्या आतच.

दीड कोटीची टर्म पॉलिसी घ्या, म्हणजे मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणारा निव्वळ विमा, वयाच्या ६० वर्षांपर्यंतची. तब्येत ठीक असेल तर हप्ता वर्षाला साधारण ३०-४० हजार. बीपी, शुगर, तंबाखू, काही लपवू नका. दावा तिथेच अडकतो. अर्ज करतानाच ‘विवाहित महिला मालमत्ता कायदा, १८७४’ खाली नोंदवा, म्हणजे पैसे पत्नी-मुलांचेच राहतात, कर्जवाल्यांना हात लावता येत नाही. हे नंतर करता येत नाही.

टर्म हातात आल्यावरच जुनी पॉलिसी पेड-अप करा, म्हणजे पुढचे हप्ते बंद, पॉलिसी कमी रकमेवर चालू. विमा १० चा साधारण २ लाख होईल, पण वर्षाचे लाख सुटतील. त्यातूनच टर्मचा हप्ता निघतो.

एफडी मोडू नका. कर्जाच्या हप्त्यासह महिन्याला ९० हजार खर्च धरला तर सहा महिन्यांचे साडेपाच लाख तिथेच हवेत. उरलेले अडीच लाख हवे तर त्या फंडात घाला, पण दरमहा २५ हजार करून, दहा महिन्यांत. आणि हे पैसे मुलांच्या शिक्षणासाठी मोजू नका.